चौथा फाऊल

“काका, माझे तीनच झालेत.”

पोरगा धापा टाकत टेबलाशी आला तेव्हा चार आकड्याची पाटी माझ्या हातात वर धरलेली होती. उपांत्य फेरीतली निकालाची मॅच, तिसरा क्वार्टर संपायला दोन मिनिटं आणि आम्ही सात गुणांनी पुढे. हॉलमध्ये इतका गोंगाट होता की त्याला टेबलावर वाकून बोलावं लागत होतं.

“चार,” मी म्हटलं.

“आत्ताचा लंबूचा होता ना? मी तर लांब होतो.”

“रेफरीने अकरा दाखवलं. अकरा तुझा नंबर. मी काय डोळे मिटून बसलोय का इथे? जा, खेळ.”

त्याने एकदा पाटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग हात वर करून “सॉरी काका” म्हणाला आणि पळत मैदानात गेला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बास्केटबॉलमध्ये पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, मग तो कोणी का असेना. म्हणून दर फाऊलला टेबलावरचा माणूस आकड्याची पाटी वर धरतो. तुझे इतके झाले, आता सांभाळ, एवढाच त्याचा अर्थ. क्लबात एकतीस वर्षं ती पाटी मी धरली आणि गुणपत्रक मी लिहिलं. नोकरी पाणीपुरवठा खात्यात, आवक-जावक टेबलावर. तिथे निरोप समारंभात साहेबांना माझं नाव आठवेना, त्यांनी चक्क हातातल्या कागदात बघितलं. क्लबात माझं नाव कोणी घेत नाही ते वेगळ्या कारणाने. तिथे मी ‘बिनचूक काका’. एकदा तर रेफरीने माझं पत्रक बघून स्वतःचा निर्णय फिरवला होता. घरी ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की मी “एकदा काय झालं” म्हटलं की लेक उठून आत जाते.

पोराला सगळे स्प्रिंग म्हणत. वय वीस, क्लबातला पहिलाच हंगाम, आणि उडी अशी की आमचा लंबू त्याच्याहून वीतभर उंच असून खाली उभा राहून बघत बसे. गावभर त्याची पोस्टर लागली होती. तेरा वर्षांत क्लब पहिल्यांदा एवढ्या पुढे आला तो त्याच्या जिवावर, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

कोचने त्याला बाजूला घेऊन विचारलं, “किती?”

“मला तीन वाटले, पण काका म्हणतात चार.”

कोचच्या वहीतही तीनच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी चार बोटं दाखवली, आणि त्यांनी वहीतला तिनाचा आकडा खोडला. वाद नाही, शंका नाही. माझा किती अभिमान वाटला मला त्या क्षणी! आज ते आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

पुढचं सगळ्या गावाने बघितलं. कोचने त्याला पाच मिनिटं बाकावर बसवून ठेवला, शेवटासाठी जपून. तेवढ्यात सात गुण वितळले. तो परत आत आला तर समोरच्यांनी बरोबर हेरलं आणि त्यांचा गडी चेंडू घेऊन थेट त्याच्याच अंगावर जाऊ लागला. हा हात पाठीमागे बांधून उभा. तीनदा तो गडी याच्या नाकासमोरून गेला, तीनदा बास्केट. लोक ओरडत होते, “अरे अडव! अडव त्याला!” शेवटच्या सहा सेकंदांत आम्ही एका गुणाने मागे आणि चेंडू स्प्रिंगच्या हातात. समोर एकच माणूस. त्याच्या अंगावरून घुसला असता तर दोन गुण नक्की होते. पण धक्का लागला असता तर पाचवा फाऊल. तो उडाला, हवेतच थबकला आणि चेंडू लंबूकडे दिला. लंबूने तो मारला तो कड्याला लागून बाहेर.

हॉलमध्ये एवढी माणसं असून खुर्च्या सरकवल्याचा आवाज तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत: ‘स्प्रिंगने कच खाल्ली’. खाली क्रीडा वार्ताहराने लिहिलं होतं की अंगात कौशल्य ठासून भरलंय, पण मोठ्या खेळाडूची मानसिकता नाही. हा शब्द मग साथीच्या तापासारखा पसरला. केस कापणारा म्हणाला मानसिकता, दूधवाला म्हणाला मानसिकता. ज्यांनी जन्मात कधी चेंडू हातात धरला नाही ते पोराच्या मनाचा तळ मोजायला लागले. आणि खोटं कशाला बोलू, मीही मोजला. जिन्यात शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी मान हलवून म्हणालो, “फाऊल किती झाले तेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं हो! माझ्याशी वाद घालत होता.” शेजारी म्हणाले, “म्हणजे डोकंच ठिकाणावर नव्हतं.” मी म्हणालो, “तेच तर.”

रविवारी सकाळी लेकीने मोबाइलवर मॅच लावून दिली. मी चष्मा पुसून बसलो. आता एक गंमत आहे. मॅच बघताना सगळे चेंडू बघतात. रेफरीची बोटं बघणारा हॉलमध्ये एकच माणूस असतो. तिसरा क्वार्टर आला, बास्केटखाली धक्काबुक्की झाली, शिट्टी वाजली, रेफरी टेबलाकडे वळला. एका हाताची मूठ, दुसऱ्या हाताची दोन बोटं. मूठ म्हणजे दहा, वर दोन. बारा. लंबू.

मी मागे घेऊन परत बघितलं. दोन बोटं. आणखी मागे घेतलं. पडद्याच्या कडेला मीही दिसत होतो. रेफरी बोटं दाखवत असताना मी मान वळवून हसत होतो. मग आठवलं. क्लबचे अध्यक्ष मागच्या खुर्चीतून वाकून म्हणाले होते, “काका, यंदा फायनल बरं का!” आणि मी वळलो होतो. परत समोर बघेपर्यंत रेफरीचा हात खाली येत होता. मूठ दिसली, एक बोट दिसल्यासारखं वाटलं. विचारायला हवं होतं. रेफरीला हात करून पुन्हा दाखवायला सांगता येतं, त्यात कमीपणा नाही, नवशिके मॅचमध्ये दहादा सांगतात. पण मी एकतीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. अध्यक्ष मागे बसलेले असताना तर नाहीच.

“अहो, तेच तेच काय लावलंय?” बायको स्वयंपाकघरातून आली. “चेहरा का असा झालाय?”

“काही नाही.”

ती समोर बसली. चाळीस वर्षांच्या संसारात ‘काही नाही’ या उत्तराने तिचं कधी समाधान झालेलं नाही. मी सांगितलं.

“म्हणजे त्या पोराचे तीनच होते.”

“हो.”

“आणि तो तुम्हाला सांगायलाही आला होता.”

“आला होता.”

“मग सांगून टाका. मॅच काही परत होणार नाही, पण त्या लेकराला तरी कळू दे.”

“तुला काय जातंय सांगायला,” मी ओरडलो. “लोक काय म्हणतील मला? क्लब हरला तो या म्हाताऱ्यामुळे, असंच ना?”

“तेच आता त्याला म्हणतायत,” ती म्हणाली आणि कणीक मळायला आत गेली.

मंगळवारी दुपारी कार्यकारिणीची बैठक होती. विषय एकच: स्प्रिंगला तीन वर्षांसाठी बांधून घेऊन कप्तान करायचं की सोडून द्यायचं. मलाही बोलावलं होतं, गुणपत्रक घेऊन. माझी हद्द टेबलापर्यंत, बैठकीच्या खोलीत मी आजवर सतरंजी घालायलाच काय तो गेलो असेन. घरून निघताना मी ठरवलं होतं की सांगायचं. बसमध्ये वाक्यही जुळवलं होतं: अध्यक्ष महाराज, चूक माझी आहे. उगाच लांबण नको, एवढंच.

खोलीत पंखा फिरत होता, पाच जण होते, बिस्किटांची बशी मधोमध. कोच म्हणाले, “खेळाबद्दल प्रश्नच नाही. पण मोक्याच्या क्षणी त्याने शेपूट घातली. बरं, स्वतःचे फाऊल किती हे खेळाडूला झोपेत विचारलं तरी सांगता यायला हवं. हा टेबलाशी जाऊन भांडतोय!”

सचिव म्हणाले, “मी काल बोललो त्याच्याशी. तो स्वतःच म्हणतो, सर, मला तीन वाटत होते, माझं मोजण्यातही लक्ष नव्हतं, बहुतेक मी घाबरलोच होतो.”

“झालं तर मग,” अध्यक्ष म्हणाले. “तो स्वतःच कबूल करतोय.”

स्वतःचं बरोबर असलेलं मोजणं ते पोर स्वतःच्याच भित्रेपणाचा पुरावा म्हणून देत होतं. का, तर समोर मी होतो, आणि माझं चुकत नाही.

“तरी काकांचं ऐकू,” अध्यक्ष म्हणाले. “इतक्या जवळून त्याला दुसऱ्या कोणी बघितलं नाही. एकतीस वर्षं हा माणूस त्या टेबलावर बसतोय मंडळी, आणि एक चूक नाही. एक! असा माणूस मला माझ्या कारखान्यात मिळत नाही.”

सगळे माझ्याकडे बघून हसले. प्रेमाने हसले. आयुष्यात पहिल्यांदा पाच मोठी माणसं गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. मी घसा साफ केला.

“पोरगा गोंधळलेला होता,” मी म्हणालो, “हे खरं.”

एवढंच बोललो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. अध्यक्षांनी मान हलवली, सचिवांनी लिहून घेतलं, आणि कोणीतरी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी एक घेतलं. खाल्लंही.

बायकोने विचारलं, “सांगितलंत?” मी चपला काढत राहिलो. तिने पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून ती माझ्याशी भाजी संपलीय, बिल आलंय एवढंच बोलते. मॅचचा विषय निघाला की लेकीच्या आधी आता तीच उठून जाते.

आठवड्याने मी पत्रकांची फाइल द्यायला क्लबात गेलो तर स्प्रिंग कपाट रिकामं करून बाहेर पडत होता. कुठल्यातरी लांबच्या गावातल्या, खालच्या गटातल्या संघाने त्याला घेतलं होतं. खांद्यावर बॅग, हातात बुटांची पिशवी. नजर चुकवून मी जिन्याकडे वळलो, पण त्याने हाक मारलीच.

“काका! बरं झालं भेटलात. तुमची माफी मागायची राहिली होती.”

“माझी?”

“त्या दिवशी उगाच वाद घातला तुमच्याशी. एवढी मॅच चाललेली आणि मी तुम्हाला शिकवायला आलो.” तो ओशाळून हसला. “घरी आईलाही सांगितलं, चूक माझीच होती.”

पॅसेजमध्ये आम्ही दोघंच होतो. ऑफिसला कुलूप होतं, झाडूवालाही गेलेला. सांगायला याहून सोपी जागा देवाने दिली नसती. मी फाइल या हातातून त्या हातात घेतली.

“काका, एक विचारू? तुम्ही कितीतरी पोरं बघितलीत. बाकीचे काय, मनाला लागू नये म्हणून गोड बोलतात. तुम्ही खरं सांगाल. माझ्यात काय कमी पडलं?”

तो खरंच विचारत होता. उत्तर घेऊन तो त्या लांबच्या गावाला जाणार होता, तिथे पहाटे उठून त्या उत्तरावर मेहनत करणार होता, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं. तू कुठेच कमी पडला नाहीस, मी पडलो. सहा-सात शब्दांचं काम. माझी लाज तेवढी गेली असती, आणि लाज गेलेली माणसं जेवतात, झोपतात, जगतात.

“धीर,” मी म्हणालो. “धीर कमी पडला तुला.”

“धीर,” तो म्हणाला. पुन्हा एकदा स्वतःशी म्हणाला, शाळेत फळ्यावरचा शब्द उतरवून घेताना म्हणतात तसं. “बरोबर आहे. थँक्यू काका. लक्षात ठेवीन.”

माझा हात दोन्ही हातांत घेऊन त्याने दाबला आणि पायऱ्या उतरून गेला. मी खिडकीशी उभा राहिलो. दुपारची वेळ, रस्ता पार मोकळा, दोन्ही बाजूंना लांबवर एक गाडी नव्हती. चौकात लाल दिवा होता. जाणारेयेणारे दोघेतिघे त्याच्याकडे न बघताच पलीकडे गेले. स्प्रिंग बॅग सावरत कडेला उभा राहिला, आणि दिवा हिरवा होईपर्यंत त्याने पाऊल उचललं नाही.