उजव्या कडेची बाई

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवं पडल्यावर माणूस बोलणार काय, कपाळ? तोंडात आरसा, गालात कापूस, डोळ्यांवर तो मेला दिवा. तरी मी ओरडले. समोरच्या भिंतीवर आमच्या ह्यांनी काढलेलं चित्र होतं आणि त्यातून मी गायब झाले होते.

थांबा, नीट सांगते. माझा नवरा चित्रकार. लग्नाआधी त्यांनी एक भलंमोठं चित्र काढलं होतं. गच्चीवर वाळत घातलेले कपडे, दोऱ्यांखालून पळणारी पोरं आणि अगदी उजव्या कडेला ओली चादर पिळणारी एक मुलगी. ती मुलगी म्हणजे मी. त्या चित्रापायीच आमचं जमलं. प्रदर्शनात ह्या डॉक्टरांनी ते घेतलं, आमचं लग्न झालं, आणि त्यानंतर ह्यांनी मला एकदाही चित्रासाठी उभं केलं नाही. बरण्या काढल्या, मोडक्या खुर्च्या काढल्या, शेजारणीचं मांजर तर किती वेळा काढलं देव जाणे. बायको? नाव नको! तोंडाने बोलले नाही कधी, पण मनाला लागायचं. जगात आपलं एक तरी चित्र कुठेतरी टांगलेलं आहे, एवढ्यावर मी समाधान मानलं होतं.

डॉक्टरांनी ही जागा घेतली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण माझे दात आजवर ठणठणीत, त्यामुळे मी इथे पहिल्यांदाच आले होते. आणि बघते तर काय? पोरं होती, कपडे होते, चादरसुद्धा होती. चादरीच्या टोकाला माझी चार बोटं होती. बोटांच्या पुढे चौकट!

"आँ! आँ!" मी भिंतीकडे हात नाचवले.

"दुखतंय का?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी आणखी एक इंजेक्शन ठोकलं. मग अर्धं तोंड बधिर. माझ्यासारख्या बाईवर याहून मोठा अन्याय नाही.

तिथून निघाले ती तडक नणंदेच्या ऑफिसात. ही ह्यांची धाकटी बहीण. घरात तिला अजून बारकी म्हणतात, अंगाने ती दाराएवढी आहे आणि वकील म्हणून तिच्यापुढे भले भले गप्प बसतात. माझी जीभ ताळ्यावर येईपर्यंत तिने मला पाणी पाजलं, मग सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, केस आहे," ती म्हणाली तेव्हा तिचे डोळे लकाकले. "चित्र विकलं म्हणजे कॅनव्हास विकला, चौकट विकली. पण चित्रकाराचं त्या चित्राशी असलेलं नातं विकलं जात नाही. विकत घेणाऱ्याने ते भिंतीवर लावावं, दुसऱ्याला विकावं, खुशाल. पण कापून त्याचं वाटोळं केलं आणि चित्रकाराच्या नावाला धक्का लागला, तर चित्रकार त्याला कोर्टात खेचू शकतो."

"मग खेच! कान धरून खेच!"

"तक्रार दादाने करायची. तू नाही."

"अगं, कापलं मला!"

"कायद्याच्या दृष्टीने दादाचं चित्र कापलं. तू फक्त त्या चित्रात उभी होतीस."

असला कसला कायदा! फक्त उभी होते म्हणे. ती चादर पिळून पिळून माझे खांदे भरून आले होते, ते कुणी बघितलं?

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, माणूस तिडिकीने उठेल. हे ब्रश पुसत राहिले.

"जाऊ दे ना," हे म्हणाले. "दात दुखायचा थांबला का?"

"जाऊ दे? मला चिरून टाकलं, आणि जाऊ दे?"

"जुनी गोष्ट आहे, अगं."

मी पाय आपटत उठले. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, ती घासलेलीच होती तरी. मला एकच कळत नव्हतं. चित्रातून मी गेले त्याचं ह्या माणसाला काहीच नाही? मांजराची शेपटी कुणी कापली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. खरं सांगते, रडू आलं मला. डॉक्टरांशी भांडण राहिलं बाजूला, मला ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की मी कुठेतरी आहे.

बारकी कसली ऐकते! दुसऱ्या दिवशी तिने दादाला दंडाला धरून घराबाहेर काढलं. "नोटीस नंतर बघू, आधी तोंडी बोलू," असं म्हणत आम्हा दोघांना घेऊन ती दवाखान्यात गेली. डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले. बारकीने घसा साफ केला आणि कलाकृतीची मोडतोड, कलाकाराचा सन्मान, अप्रतिष्ठा, असं काय काय सुरू केलं. मी मधूनमधून "बरोबर!" म्हणत होते.

डॉक्टरांचे डोळे पांढरे झाले. "अहो वकीलबाई, मी कशाला कापू? ह्या भिंतीत चित्र मावेना म्हणून मी ह्यांना नुसतं विचारलं. तर हे दुसऱ्या दिवशी स्वतः सुरी आणि पट्टी घेऊन हजर. ह्यांनीच कापलं, ह्यांनीच लहान चौकटीवर ताणून दिलं!"

आम्ही दोघी वळलो. हे चपलेकडे बघत होते.

"दादा," बारकी म्हणाली, "आता तुझ्या वतीने तुझ्यावरच दावा लावू का?"

"तुम्ही?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुम्ही मला कापलंत? स्वतःच्या हाताने?"

"भिंत लहान होती," हे पुटपुटले.

"मग डावीकडून कापायचं होतं! डावीकडे काय होतं? लेंगे!"

तेवढ्यात डॉक्टरांना काहीतरी आठवलं. "हो, आणि उरलेली पट्टी तुम्ही घेऊन गेलात. टाकून देतो म्हणाला होतात. टाकली का?"

हे इतके लाल झाले की बारकीने कपाळावर हात मारला. "दादा! ती पट्टी डॉक्टरांची आहे! त्यांनी अख्खं चित्र घेतलं होतं. तू चित्र काढलंस म्हणून त्याचा तुकडा घरी नेता येत नाही. कुठे आहे?"

"घरी," हे म्हणाले.

घरी म्हणजे ह्यांच्या मागच्या खोलीत. स्वयंपाकघराच्या समोरच आहे ती, पण टर्पेंटाइनच्या वासाने माझं डोकं उठतं, म्हणून मी तिथे झाडायलाही जात नाही. आमची वरात तिथे पोचली. डॉक्टर दवाखाना बंद करून आले, त्यांना म्हणे आता राहवेना. ह्यांनी कपाट थोडं सरकवलं आणि त्यामागून एक उंच, अरुंद चौकट काढली. भिंतीकडे तोंड केलेली. ती हातात धरून हे नुसते उभे राहिले.

"वळवा की," मी म्हटलं.

ह्यांनी वळवली.

अरे देवा. चादर पिळणारी ती शेवग्याची शेंग कुठेच नव्हती. तिथे मी होते. आत्ताची. चष्म्यासकट, कानामागच्या पांढऱ्या बटांसकट, कंबरेच्या ह्या घेरासकट. हातात चादरीऐवजी चहाचा कप होता. एक खांदा दाराला टेकलेला, कुणावर तरी करवादायच्या बेतात असलेला चेहरा. रंगाचे थरावर थर चढलेले. बाहीपाशी जुना हिरवा खालून डोकावत होता, ती माझी कधीची फाटून गेलेली साडी.

"हे काय आहे?" बारकीने हळूच विचारलं.

"चित्र विकलं त्या दिवसापासून मला चुटपुट लागली होती," हे म्हणाले. भिंतीशी बोलावं तसं, माझ्याकडे न बघता. "हिला विकायला नको होतं. डॉक्टर म्हणाले मावत नाही, तेव्हा मला कोण आनंद झाला! हिला घेऊन आलो. मग ही बदलत गेली, तसतसा मीही बदल करत गेलो. नाहीतर ती पट्टीतली परकी झाली असती."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"उभी राहा म्हटलं की तू मान ताठ करतेस, ओठ आवळतेस. दुसरीच कुणी होतेस. मग ह्या दारातून दिसशील तशी काढत राहिलो."

इतकी वर्षं मी त्या मांजराचा राग राग करत होते!

बारकीतली वकील मात्र जागी होती. "डॉक्टर, कायद्याने बोलायचं तर कॅनव्हास तुमचा. वरचा रंग दादाचा. आता कुठला न्यायाधीश हे सोलून वेगळं करणार? तुम्ही मागितलीत तर पट्टी द्यावी लागेल."

ह्यांनी चौकट अशी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. एरवी बाजारात भाव करायलाही हा माणूस लाजतो, पण आत्ता मला वाटलं, हे डॉक्टरांना चावतील.

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला, चित्र बघितलं, मग मला बघितलं, पुन्हा चित्र.

"मी घेतलेल्या चित्रात एक लाजरी पोरगी होती," ते म्हणाले. "ह्या बाईंनी काल माझ्या खुर्चीत जो आरडाओरडा केला, तो मी ऐकलाय. ही माझी नव्हे. वकीलबाई, कुठे सही करू सांगा. ही बाई ज्यांची आहे त्यांनाच लखलाभ."

बारकी अशी हसली की खिडकीची काच थरथरली. हे हसले, डॉक्टर हसले, आणि मी रडतही होते नि हसतही होते, नाक पुसायला काही मिळेना म्हणून ह्यांचं रंगाचं फडकं घेतलं आणि नाकाला निळा लागला.

"तेवढी हनुवटी दोनदा का काढलीत?" मी विचारलं.

"दोन आहेत म्हणून."

"डॉक्टर, बघितलंत? ह्याच्यावर लागू होतो का काही कायदा?"

"बसा, बसा," डॉक्टरांना मी म्हटलं, "चहा टाकते." दारातून निघाले तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे आपल्याकडे बघतायत. इतकी वर्षं बघत होते. अंग कसं शहारलं. मी मान वर केली, पदर सारखा केला आणि एक एक पाऊल झोकात टाकत स्वयंपाकघराकडे निघाले.

"अगं!" मागून हे ओरडले. "नेहमीसारखी चाल ना!"