शंभर टक्के हजेरी

नेरूळच्या एका संस्थेनं शहाण्णव साली युवक विकासाचा रविवारचा वर्ग सुरू केला. सहा महिन्यांनी त्याचा फायदा किती झाला ते तपासायला नंदिनी देवस्थळी आल्या. वर्ग घेणारे चंद्रशेखर सर हजेरीपट उघडूनच बसले होते.

"वीस मुलंमुली, आणि एकाचाही खाडा नाही!"

नंदिनीताईंनी खोलीभर नजर फिरवली. खुर्च्या आठच होत्या.

"एवढ्या खुर्च्या पुरतात?"

"कधी कमी पडल्याच नाहीत, मॅडम," सर अभिमानानं म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

नंदिनीताई समोर बसलेल्या, वर्गातल्या क्रांतीकडे नुसत्या बघत राहिल्या. तुर्भ्याहून येणारी ही मुलगी त्या नजरेपुढे फार वेळ टिकली नाही.

"मॅडम, आमी पाळ्या लावल्यात. दर रविवारी पाच जण येतात आणि सगळ्यांच्या नावाला 'हजर' म्हणतात. सर वहीतून मान वर काढतच नाहीत. मग ते पाच जण शिकलेलं बाकीच्यांना समजावून सांगतात."

"पाळ्या कुणी लावल्या?"

"मी. कुणाची परीक्षा, कुणाचं दुकान, सगळं बघूनच. पण सरांना सांगू नका, प्लीज. ते लई मनापासून शिकवतात."

हसू दाबत नंदिनीताईंनी अहवालात लिहिलं, 'नियोजन आणि एकजूट उत्तम. मुलं शिकलेलं एकमेकांना शिकवतात.' यातलं काहीच खोटं नव्हतं. हजेरीचा रकाना मात्र त्यांनी कोरा सोडला.

अहवाल वाचून सर इतके खूश झाले, की त्यांनी बुधवारीही वर्ग ठेवला. क्रांतीला सगळ्या पाळ्या नव्यानं लावाव्या लागल्या.