एकाच ओळीत दोन मेन्सिया

मी एक नाव आहे. मेन्सिया. लिओनच्या ख्रिस्ती राज्यातल्या बड्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरतेय, आणि खरं सांगते, आता वैतागलेय.

इथली रीत अशी, की थोरल्या मुलीला आजीचंच नाव. ती मुलगी दगावली तर पुढच्या मुलीला तेच. नवं नाव शोधायचा कंटाळा, आणि त्याला म्हणायचं घराण्याचा मान. एका मेन्सियाने नवरा लढाईवर असताना गढी राखली, एकीला शिकारी ससाण्यांचं वेड, एक नुसतीच रुसून बसायची. हाक मारली की सगळ्यांसाठी धावायचं मीच.

अशाच एका घरची सून एल्विरा, तिची थोरली लेक मेन्सिया चार वर्षांची होऊन तापाने गेली. हाक ऐकली की टेबलाखाली लपायची आणि हसून स्वतःच सापडायची. एवढ्या आनंदाने मला कुणी ऐकलं नव्हतं. एल्विराने माहेरचा द्राक्षमळा मठाला दिला. मागणं एकच, दरवर्षी मृतांच्या दिवशी मठातल्या मृतांच्या वहीतून लेकीचं नाव वाचायचं.

दोन वर्षं वाचलं. मग वही जीर्ण झाली म्हणून नवी केली. वहीत नुसती नावं असायची. नक्कल करणाऱ्या जोगिणीला मी लागोपाठ दोनदा दिसले, आधी एल्विराच्या सासूसाठी, मग पोरीसाठी. तिला वाटलं, आधीच्या बाईने डुलकी घेत दोनदा लिहिलं. तिने एक ओळ गाळली आणि स्वतःवरच खूश झाली. मला तोंड असतं तर मठ दणाणून सोडला असता.

त्या वर्षी एल्विरा पोटुशी होती. मी एकदाच वाचली गेले, तशी ती थेट मठाच्या प्रमुख सांचाकडे गेली. सांचा तिची नणंदच.

"वहिनी, नाव एकच आहे ना? देवाला कळतं कोण कोण ते."

"देवाला न वाचताही कळतं, वन्सं. मग मळा कशाला घेतलात?"

सांचा म्हणाली, ओळ आधी माझ्या आईची, आणि आता मध्ये घालायला बोटभर जागा नाही. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "मुलगी झाली तर मेन्सिया परत येईलच की घरात."

एल्विरा तडक घरी निघाली. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगीच झाली. बाळंतीण बाप्तिस्म्याला जात नाही, म्हणून बाळाला नेणाऱ्या बाईचा हात तिने घट्ट धरला. "मेन्सिया माझी एकच होती. हिला ओरिया म्हणा." सासरचे महिनाभर धुसफुसले.

आता त्या घरात मला कुणी हाक मारत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण दरवर्षी मृतांच्या दिवशी सांचा मला एकदा वाचते आणि पुढच्या नावाकडे वळते, तेवढ्यात मागून एल्विरा खणखणीत आवाजात म्हणते, "आणि मेन्सिया." सांचाला थांबावंच लागतं.

एल्विराचे केस पिकलेत. माझं एवढंच मागणं आहे, तिच्यामागे ओरियाने तरी त्या जागी उभं राहून मला दुसऱ्यांदा म्हणावं.