रद्द झालेला रविवार

क्योतोच्या ग्रंथालयात कुमुदिनी एक जुनं पत्र उतरवून घेत बसली होती. आयर्लंडमधल्या १९१६च्या उठावावर तिची पीएचडी. सांगलीच्या मुलीने जपानात बसून आयरिश माणसांची पत्रं वाचायची, हा उपद्व्याप सांगितला कुणी, असं नातेवाईक विचारायचे.

पत्र नोरा नावाच्या बाईचं, भाऊ टॉमबद्दल. ईस्टरच्या रविवारी इंग्रजांविरुद्ध उठायचं ठरलेलं. टॉमने बूट चढवले, नोराने पाव बांधून दिला. तेवढ्यात पेपरात आलं, आजचा बेत रद्द, कुणी निघू नये. टॉम हुकमाचा ताबेदार. मुकाट्याने बूट काढून बसला. सोमवारी डब्लिनमध्ये उठाव झालाच. त्याचा जिवलग मित्र त्यात मारला गेला. खेड्यात टॉमला कळेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढे जन्मभर त्याने घरात पेपर येऊ दिला नाही. मासे पेपरात बांधून आले तर पुडकं उंबऱ्याबाहेरच सोडायचा.

कुमुदिनीचा हात थांबला. सकाळीच तिने बाबांना लिहिलं होतं, ‘प्रबंधाची घाई आहे. या महिन्यात येऊ नका. पुढच्या वर्षी बघू.’ ही तिसरी खेप. घाईबिई काही नव्हती. दिवसचे दिवस ती फक्त कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, काउंटरवरच्या बाईशी ‘पिशवी नको’ एवढंच बोलायची. आपलं हे एकटेपण बाबांना दिसेल, याची तिला लाज वाटत होती.

ती धावत बाहेर सायकलींपाशी आली आणि फोन लावला.

“बाबा, या तुम्ही! तिकीट रद्द करू नका.”

“अगं, तुझा मेसेज वाचला आणि लगेच रद्द केलं.” दिगंबररावांची सगळी नोकरी पोस्टात गेलेली. आलेला निरोप त्यांनी कधी पडून राहू दिला नव्हता. “बॅगही रिकामी केली. मेतकूट समोरच्या वृंदाताईंना देऊन टाकलं.”

“मग दुसरं काढा. मला करमत नाही हो इथे.”

“आधी सांगायचंस गं. आता मोतीबिंदूची तारीख घेतली, परवाची. मग दुसरा डोळा.” त्यांनी घसा खाकरला. “रडू नकोस. पुढच्या वर्षी बघू.”

तिने तीनदा लिहिलेलं वाक्य बाबा तिचीच समजूत घालायला वापरत होते.

संध्याकाळी कोनबिनीतल्या बाईने नेहमीप्रमाणे विचारलं, पिशवी हवी का? खांद्यावर स्वतःची कापडी पिशवी होती. तरी कुमुदिनी म्हणाली, हवी.