डेलमारला न आलेलं उत्तर

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तरी त्या शनिवारी टेसाने चर्चच्या स्वयंपाकघरात मलाच गाठलं. दुपारी तिचा बेबी शॉवर होता. मी हॅमची सँडविचं कापत होते. ती पोट सांभाळत माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आत्या, आम्ही फिनिक्सला जायचं म्हणतोय. कोलला तिकडे नोकरी मिळतेय. सोमवारी हो म्हणून कळवणार. डेलमारला एवढ्यात सांगू नकोस."

कोल तिचा नवरा, डेलमार माझा धाकटा भाऊ. त्याने उशिरा लग्न केलं, रेनीशी, आणि रेनीबरोबर घरात आली तिची मुलगी, ही टेसा, सहा वर्षांची, पुढचे दात पडलेली. दोन हिवाळे गेले आणि रेनी मैत्रिणीला भेटायला म्हणून फ्लोरिडाला गेली, ती गेलीच. पोरीला आता तिच्या आजोळी पाठवणार असं सगळे धरून चालले होते. डेलमारने दुसऱ्या दिवशी तिला डबा करून दिला आणि शाळेच्या बसपर्यंत सोडून आला. त्यावर तो कधी कुणाशी बोलला नाही, आणि त्याच्याशी बोलायची माझीसुद्धा हिंमत झाली नाही. टेसा पहिल्यापासून त्याला डेलमारच म्हणायची. दुसरं काही म्हण, असं तोही कधी म्हणाला नाही.

मी सुरी खाली ठेवली आणि विचारलं, इथे काय काटे टोचतात का? तर म्हणते कशी, "त्याने माझं सगळं केलं, आत्या. चष्मा, दातांच्या तारा, क्लॅरिनेट, कॉलेज. प्रत्येकाची किंमत मला पाठ आहे, कारण त्यानेच सांगितली. आता आणखी एक मूल त्याच्या गळ्यात कशाला? तो नाही म्हणणार नाही. त्याला नाही म्हणता येतच नाही."

अस्सा राग आला मला. तिचा नव्हे, आमच्या सगळ्यांच्या जिभेचा. मिनेसोटात आमच्याकडे कुणी कोट छान आहे म्हटलं, तर आभार मानणं जिवावर येतं. आम्ही चटकन सांगतो, सेलमध्ये घेतला, बारा डॉलर. कौतुक अंगाला लावून घ्यायचं नाही, किंमत पुढे करायची. डेलमार तर त्यात सगळ्यांचा बाप. एकोणीसशे चौऱ्याहत्तरात घेतलेल्या ट्रॅक्टरचा भाव तो झोपेत सांगेल. टेसा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची तेव्हा हा पहिल्या रांगेत बसून शेजारच्याला सांगायचा, जुनंच घेतलं, नव्वद डॉलर. त्याची छाती फुगलेली मला दिसायची. पोरीला नुसता आकडा ऐकू यायचा, हे मला त्या दिवशी कळलं. पण तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. मी तोंड शिवलं आणि सँडविचं कापत राहिले.

दुपारी चर्चच्या तळघरात गर्दी झाली. हल्ली बायकांबरोबर पुरुषही येतात, निदान खाण्यापुरते. गाजर घातलेली हिरवी जेली होती, पुदिन्याच्या गोळ्या होत्या, बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचा ओव्हनमध्ये भाजलेला रस्सा, होतं. डेलमार पाळणा घेऊन आला. जुना, पण घासून रंगवलेला, कडेला बदकं काढलेली. बदकं त्यानेच काढली होती. चोची जरा कावळ्याच्या वाटत होत्या, पण ते असो. सगळ्या बायका वा वा करू लागल्या, आणि हा गृहस्थ म्हणतो, "लिलावात मिळाला. पंधरा डॉलर." टेसाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो पाळणा उचलून त्याच्याच डोक्यात घालावा.

मग प्रश्नांचा खेळ सुरू झाला. तो लॉइस घेते. ती शाळेत मुख्याध्यापिका होती आणि अजून आहे असंच समजते. बाळाला हाडं जास्त की मोठ्या माणसाला? बाळाला, म्हणे, मोठेपणी ती एकमेकांत जुळून जातात. नवं बाळ रडतं तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं का? पहिले काही आठवडे येत नाही. हे माझं चुकलं. तीन पोरं वाढवली मी, पण ती रडताना डोळे कुणी तपासले? कोलने पहिल्या वर्षाचे डायपर दोनशे सांगितले, तेव्हा बायका इतक्या हसल्या की एकीची जेली मांडीवर सांडली. बिचाऱ्याला खरा आकडा कुणी सांगितलाच नाही.

"आता शेवटचा," लॉइस म्हणाली. "एक मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत खर्च किती येतो? कॉलेज सोडून."

शेजारचा हार्लन म्हणाला, माझ्या पोराचं अजून मोजून व्हायचंय, चौतिसाव्या वर्षीही तो माझ्या तळघरातच राहतोय. कुणी लाख म्हणालं, कुणी दीड लाख. मग लॉइसच म्हणाली, "तुम्ही कशाला डोकं शिणवताय? डेलमार आहे की. त्याला खिळ्याचा भाव माहीत असतो. सांग रे डेलमार, टेसावर किती गेले?"

डेलमार कॉफीच्या पिंपापाशी उभा होता. सगळे हसत त्याच्याकडे वळले. टेसा हसत नव्हती. ताटलीतली गोळी ती बोटाने इकडून तिकडे सरकवत होती.

डेलमारने कप खाली ठेवला. कपाळ खाजवलं. मी ह्या माणसाला जन्मापासून ओळखते. आकडा सुचत नाही असं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"अंदाजे सांग," लॉइस म्हणाली.

"अंदाजही नाही. ज्याला पुढे-मागे विकायचं असतं त्याचा भाव माणूस लक्षात ठेवतो. हिला कुठे विकायची होती?"

लॉइसने त्याला शून्य गुण दिले. मग तिने बरोबर उत्तर वाचून दाखवलं, तीन लाखांच्या वर काहीतरी, पण कुणाचं लक्ष नव्हतं. टेसाचे डोळे भरून आले होते.

"पण तू तर प्रत्येक गोष्टीची किंमत सांगायचास," ती म्हणाली. "मला, सगळ्यांना. चष्म्याची, तारांची."

डेलमार गोंधळला. आपण कुठलं तरी गणित चुकलो आणि पोर रडली, एवढंच त्याला समजलं होतं. "ती चष्म्याची किंमत होती, टेसा," तो म्हणाला. "तुझी मी कधी सांगितली?"

मी, आर्डिस, जिच्या जिभेला हाड नाही, मी नुसती रडत होते. टेसाने नाक पुसलं. कोलकडे पाहिलं. कोल म्हणाला, फिनिक्सला उन्हाळा फार कडक असतो म्हणे. मध्येच हे फिनिक्स कुठून आलं, हे डेलमारला कळलं नाही, आणि तो विचारणाऱ्यातला नाही.

"डेलमार," टेसा म्हणाली, "बाळ तुला काय हाक मारणार? डेलमार नाही हं."

त्याने पिंपाची तोटी उगाच फडक्याने पुसली. कान लालबुंद झाले होते.

"आजोबा म्हणू दे," तो म्हणाला. "त्याला काही पैसे पडत नाहीत."

मग त्याने खुर्च्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली. त्यांच्यावर अजून माणसं बसली होती.