जॅकवेलची जाळी

त्या रविवारी नाना, माझे वडील, ओट्यावर बसून हरभऱ्याचे डहाळे सोलत होते आणि मी त्यांना माझी नवी नोकरी समजावून सांगत होते.

"समुद्रात म्हंजी बुडी मारायची?"

"नाही नाना. बुडी यंत्र मारतं. त्याला कॅमेरे असतात, दोन हात असतात. वरून केबल सोडलेली असते. मी जहाजात बसून ते चालवायचं. समुद्राच्या तळाशी तेलाचे पाइप असतात ते तपासायचे, कुठे गळती आहे का, कुठे गंज चढलाय का."

"तू भिजनार न्हाईस?"

"अजिबात नाही."

"मग पगार कशाचा देत्यात?"

आत आई भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "तुमच्यासारखं फुकट जाळीवर उतरनारं कोन न्हाई त्यांच्याकडं. म्हनून देत्यात."

नाना हसले आणि सोललेले हरभरे माझ्या ओंजळीत टाकले. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावाचा समुद्राशी काहीच संबंध नाही. पण गावाला धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागे साचलेलं पाणी, येऊन टेकलेला आहे, आणि पाण्याखाली नानांइतका वेळ राहणारं दुसरं कुणी गावात नव्हतं. कुणाची मोटर विहिरीत पडली की नानांना बोलावणं यायचं. उपसा सिंचन संस्थेच्या जाळीचं कामही तेच करायचे. फुगवट्याच्या काठावर संस्थेची मोठी विहीर आहे, तिला सगळे जॅकवेल म्हणतात. धरणातलं पाणी जमिनीखालच्या पाइपने त्या विहिरीत येतं, तिथून मोटरी ते उचलून उसाला देतात. पाइपच्या धरणातल्या तोंडाला लोखंडी जाळी आहे. तिच्यात जलपर्णी अडकली की पाणी तुटतं. मग कुणीतरी खाली जाऊन ती ओढून काढायची.

संध्याकाळी संस्थेचा ऑपरेटर हर्षल याचा फोन आला. उद्या सकाळी जाळी काढायची होती. नाना म्हणाले, "येतो की." मग मला म्हणाले, "ते तुझं यंत्र आन एकदा हिकडं. मला जरा सुट्टी मिळंल." जेवताना त्यांनी तिसरी भाकरी मागून घेतली. आम्ही टीव्ही पाहिला. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत नाना गेले.

लोकांनी सांगितलं ते असं. नाना खाली गेले, बराच वेळ वर आले नाहीत. कमरेची दोरी चारजणांनी ओढली, तरी निघेनात. जलपर्णीत पाय गुंतला असणार, असं सगळे म्हणाले. मग एकाएकी दोरी सैल झाली आणि नाना आपोआप वर आले. तालुक्याच्या दवाखान्यात मी त्यांना पाहिलं, तेव्हा डाव्या दंडावर आणि छातीवर जाळीचे चौकोन उमटलेले होते, निळे, स्वच्छ, वहीच्या पानावर आखल्यासारखे. मी चादर वर ओढली.

पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली. व्हिसेरा राखून ठेवला, त्याचा अहवाल आजवर आलेला नाही. अहवाल न येताच गावाला कारण मात्र मिळालं. कानिफनाथने, म्हणजे माझ्या नानांनी, सकाळी सकाळी दारू घेतली होती. नाना पूर्वी प्यायचे, हे खरं होतं. मी दहावीत असताना त्यांनी सोडली आणि पुन्हा कधी शिवले नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण पहिली गोष्ट खरी असल्यामुळे नवी चिकटली. दहाव्याला घाटावर माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं झाली. संस्थेचे चेअरमन अमृतराव, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, डोळे पुसत म्हणाले, माणूस सोन्याचा होता, पण दैव. 'पण' या शब्दावर ते थोडे थांबले होते. मी बायकांत बसले होते.

महिन्याने मी नोकरीवर हजर झाले. जायची इच्छा होती असं नाही. घरात बसून राहायची त्याहून कमी होती.

पहिले काही आठवडे पनवेलजवळच्या यार्डात प्रशिक्षण होतं. सुहास सर शिकवायचे. शांत माणूस, आयुष्याची वीस वर्षं पाणबुड्या म्हणून घालवलेली, एका कानाने कमी ऐकणारा. एका सकाळी त्यांनी फळ्यावर एक भिंत काढली, भिंतीला भोक, एका बाजूला पाणी वर, दुसऱ्या बाजूला खाली. म्हणाले, "भोक बुजलेलं आहे तोवर काहीच कळत नाही. पाणी गढूळ, निवांत. तुम्ही कचरा काढता, भोक मोकळं होतं, आणि या बाजूचं सगळं पाणी तुम्हाला त्या भोकावर दाबून धरतं. वरून दहा माणसांनी ओढलं तरी निघत नाही."

कुणीतरी विचारलं, "मग सुटतो कधी?"

"दोन्हीकडची पातळी सारखी झाली की. पलीकडचा पंप बंद केला, तिकडे पाणी चढलं, की आपोआप सुटतो. बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो."

त्यांनी भोकाला चिकटलेला माणूस काढला. मी ती आकृती उतरवून घेतली. संस्थेने पोलिसांना लेखी दिलं होतं की त्या सकाळपासून सगळ्या मोटरी बंद होत्या. मोटरी बंद असत्या, तर विहिरीत आणि धरणात पाणी एका पातळीला असतं, आणि नाना जाळी झाडून वर आले असते. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

मी वाचते खूप. पुस्तकांत सूड घेणारी माणसं मला नेहमी खोटी वाटायची. ती फार बोलतात आणि घाई करतात. मला घाई नव्हती. मी काम शिकले. मुंबईहून जहाजाने समुद्रातल्या तेलविहिरींकडे गेले, उलट्या झाल्या, त्या थांबल्या. यंत्र प्रवाहात स्थिर धरायला शिकले. पहिल्यांदा एका प्लॅटफॉर्मच्या पाणी ओढणाऱ्या पाइपपाशी आमचं यंत्र सोडायचं होतं, तेव्हा वरचा पंप बंद करून त्याच्या स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली आमच्या हातात दिली. यंत्र वर येईपर्यंत ती आमच्याकडेच राहायची. नियमच होता तसा. एका लोखंडी यंत्रासाठी. ती किल्ली मी मुठीत इतकी आवळली होती की सोबतची रुचा म्हणाली, "अगं, पळून नाही जाणार ती."

वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी मी सुट्टीवर आले. श्रीगोंद्याला बस बदलायची होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात हर्षलला बोलावून घेतलं. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, शाळेत माझ्या मागच्या वर्गांत असलेला. चहा आला.

"हर्षल, नाना जाळीला चिकटले होते."

"पाय गुतला हुता, ताई. समद्यांनी बघितलंय."

"पाय गुंतला असता तर आपोआप सुटला नसता. कुणीतरी मोटर बंद केली, म्हणून सुटले. तूच केलीस."

तो बशीत चहा ओतत राहिला. बशी भरली, चहा टेबलावर आला.

"तीन नंबरची चालू हुती," तो शेवटी म्हणाला. "अण्णांच्या उसाला पानी चाललं हुतं. मी इचारलं बंद करू का. म्हनले, एका मोटरीनं काय हुतंय, कानिफ काय नवखा हाय का."

"नानांना माहीत होतं?"

"न्हाई." त्याने सांडलेला चहा हाताने पुसला. "अण्णा म्हनले, त्याला बंद हाय म्हनून सांग, न्हाईतर उतरायचा न्हाई. मी सांगितलं."

"आणि दारूचं?"

"ते दवाखान्यात अण्णाच म्हनले. मी न्हाई. आईशप्पथ मी न्हाई, ताई." तो इकडेतिकडे पाहू लागला. "माझं नाव नका घेऊ. नोकरी जाईल. गेल्या आठवड्यात पोरगी झालीया."

"पेढे दिले नाहीस," मी म्हणाले, आणि उठले.

आईला मी सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "चौकोन मी बी बघितले हुते. मला काय कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"आपल्या रानाच्या चारीला पानी सोडायचं कुनाच्या हातात हाय? तू जाशील बोटीवर. मला हितं ऱ्हायचंय, त्यांच्याच पान्यावर." भाजीच्या काड्या तिने पदरात गोळा केल्या. "अण्णा कीर्तनानंतर तुझा सत्कार करनार हायेत. समुद्रावर कामाला गेलेली तालुक्यातली पयली पोरगी म्हनून. आपन नको म्हनू."

"नको कशाला? घेऊ की."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काय कळलं ते मला सांगता येणार नाही. पुन्हा नको म्हणाली नाही, एवढं खरं.

पोलिसांत अर्ज मी देणारच होते, तो लिहून तयारही होता. पण तिथे तारखा पडत राहतात. नानांना दारुडा ठरवलं ते गावाने, आणि गाव एकत्र बसतो तो मांडवात.

मंडप आमच्या दारात घातला होता. कीर्तनकारांनी व्यसनमुक्तीचा विषय घेतला होता. योगायोग असेल; त्यांना कुणी सुचवलाही असेल. मग अण्णा उभे राहिले. पांढरा सदरा, बारीक आवाज, हात जोडलेले.

"कानिफनाथ म्हंजे माझा उजवा हात," ते म्हणाले. "पान्यात ह्यो मानूस मासा हुता. आता महाराज बोलले तेच मी तरुन पोरांना सांगतो. त्या दिवशी सकाळी त्यानं ती घेतली नसती, तर आज लेकीचं कौतुक बघायला ह्या म्होरच्या खुर्चीत बसला असता. लेकरांनो, यातून काहीतरी शिका."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मंडपाच्या खांबाशी उभ्या असलेल्या हर्षलने मान खाली घातली. आई नानांच्या फोटोशेजारी बसली होती आणि सरळ समोर पाहत होती.

अण्णांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. फोटो काढणाऱ्याने आम्हाला जवळ उभं केलं. माइक माझ्याकडे देताना ते हळूच म्हणाले, "दोन शब्द बोल बाळ. वडलांचं स्वप्न, संस्थेचं सहकार्य. लई लांबवू नको, पंगत खोळंबलीय."

मी नारळ खाली ठेवला. शाल काढून त्यावर ठेवली.

"माझे नाना त्या दिवशी प्यायलेले नव्हते," मी म्हणाले. "जॅकवेलची तीन नंबरची मोटर चालू होती. अण्णांच्या उसाला पाणी चाललं होतं. ती बंद करायची नाही असं अण्णांनी सांगितलं, आणि नानांना मात्र बंद आहे असं सांगायला लावलं."

मांडवात कुणीतरी खोकलं. अण्णांनी साउंडवाल्याकडे पाहून हात आडवा केला आणि माइक मेला. मी तो स्टँडला अडकवला. आमच्या घरात मोठ्याने बोलायची सवय कुणालाच नव्हती, मला तर नव्हतीच. मी एक पाऊल पुढे गेले, मागच्या सतरंजीवरच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढा आवाज चढवला.

"हर्षल तिथे खांबापाशी उभा आहे, मोटर कुणी बंद केली ते त्याला विचारा. पोलिसांत अर्ज मी उद्या देणार आहे, त्यात त्याचंही नाव आहे. अण्णा, तुम्ही खाली बसू नका, उभे राहा. माझ्या नानांना तुम्ही मारलं. तुम्ही मारलं, आणि वर दारुडा ठरवलं. आज सांगितलं, पुढच्या वर्षी याच दिवशी मी सुट्टी काढून येईन आणि पुन्हा सांगेन. तुम्ही जिवंत आहात तोवर दर वर्षी सांगेन."