उत्तर एक्स्चेंज

बिल्डिंगमधली लहानथोर सगळी त्यांना ऑपरेटरकाका म्हणत. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. काका जन्मापासून आंधळे. पण कॉल आला की ट्रंक बोर्डावर पडणाऱ्या झडपांपैकी कुठली पडली हे ते नुसत्या टक् आवाजावरून ओळखत आणि डोळस माणसाचा हात पोचायच्या आत त्यांची जोडणीची कॉर्ड जागेवर बसलेली असे.

पुतणीनं त्यांना कॉम्प्युटर आणून दिला. पडद्यावर असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यात घालून दिला.

"काका, ब्राउझर म्हणजे तुमचं एक्स्चेंजच समजा. पत्ता सांगायचा, तो जोडून देतो."

"आणि लाईन बिझी असली तर?"

"तर पान सापडत नाही म्हणून हात वर करतो."

"म्हणजे अगदी आमच्यासारखाच," काका म्हणाले.

दोन महिन्यांत काका तरबेज झाले. सकाळची वर्तमानपत्रं, हवामान, बुद्धिबळाचे डाव, सगळं कानानं वाचू लागले. काही वेबसाईट शहाण्यासारख्या बोलत. काही मात्र नुसतं "बटण, बटण, बटण" करत आणि कुठलं बटण कशाचं याचा पत्ता लागू देत नसत. अशा वेळी काका त्यांना ठेवणीतली एक शिवी देऊन दुसरीकडे वळत.

एका दुपारी फिरता फिरता त्यांना निवृत्त टेलिफोन कर्मचाऱ्यांच्या संघटनेची वेबसाईट सापडली. 'जुन्या आठवणी' नावाचं पान होतं. कीबोर्डवरचा बाण खाली दाबत काका ऐकत होते, आणि प्रोग्राम म्हणाला, "उत्तर एक्स्चेंज, निरोप समारंभ."

काकांचं बोट बाणावरच राहिलं.

काका होते दक्षिण एक्स्चेंजला. रोज सकाळी सात वाजता दोन्ही एक्स्चेंजमधली लाईन तपासावी लागे, आणि अकरा वर्षं त्या वेळी पलीकडून एकच आवाज येई. बोर्डावर नाव सांगायला मनाई होती. त्यामुळे ती त्यांना 'दक्षिण' म्हणे आणि ते तिला 'उत्तर'. काम दोन मिनिटांचं. पण लाईन मोकळी असली की त्या दोन मिनिटांची पाच व्हायची. तिनं वाचलेलं पुस्तक, तिच्या खिडकीतलं झाड, वरिष्ठांच्या चपलांचा आवाज. एकदा ती म्हणाली होती, "थांबा हं, मी डावखुरी, कॉर्ड नेहमी माझ्या कागदावर येते." आपण आंधळे आहोत हे काकांनी तिला तिसऱ्या वर्षी सांगितलं. ती म्हणाली, "मग बरंय. आपण दोघंही सारखेच, मलाही तुम्ही कुठे दिसता?"

मग आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि बोर्ड बंद झाले. शेवटच्या सकाळी ती म्हणाली, "दक्षिण, काही बोलायचं राहिलंय का?" काका म्हणाले, "नाही, लाईन साफ आहे." त्या एका वाक्यासाठी ते अठ्ठावीस वर्षं स्वतःवर चिडून होते. लग्न त्यांनी केलं नाही. विचारणाऱ्यांना ते सांगत, "मला पाहून मुली पळतात, आणि त्या पळाल्या हे मला दिसत नाही."

तर आता त्या मथळ्याखाली चौदा फोटो होते आणि प्रोग्राम वाचत होता: "चित्र. चित्र. चित्र." चौदा वेळा. त्यापुढे अक्षर नाही.

पुतणीला विचारता आलं असतं. पण विचारायचं काय? एकाहत्तराव्या वर्षी पोरीला सांगायचं, की बाई गं, यातली कोण ते बघ, मी तिला कधी पाहिलेलं नाही आणि तिचं नावही मला ठाऊक नाही?

वेबसाईटवर संपर्काचा फॉर्म होता. काकांनी तो नीट भरला. शेवटी प्रोग्राम म्हणाला, "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. चित्रातली अक्षरं लिहा." काका खुर्चीत मागे टेकले आणि एकटेच हसले. मग पानाच्या तळाशी एक फोन नंबर सापडला, तो त्यांनी सरळ फिरवला.

वेबसाईट सांभाळणारा गृहस्थ निघाला जुना लाईनमन. आयुष्यभर खांबांवर चढला, आणि गुडघे गेल्यावर नातवाकडून हे शिकला.

"चित्राच्या मागे शब्द?" लाईनमन म्हणाला. "ते कशाला?"

"अहो, वेबसाईट कशी बांधायची याचे जगभर ठरलेले नियम आहेत. चित्रात काय आहे ते मागे लिहून ठेवायचं, म्हणजे माझ्यासारख्याला ते ऐकू येतं. तो तर अगदी पहिलीतला धडा आहे."

"आम्ही पहिलीत फार रमलो नाही," लाईनमन म्हणाला. "पण करतो."

दुसऱ्या दिवशी पान उघडलं. "चित्र, फोटो," प्रोग्राम म्हणाला. चौदा वेळा.

काकांनी पुन्हा फोन केला. मग झालं, "चित्र, माणसे उभी आहेत." काकांनी तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा लाईनमन वैतागला. "साहेब, तुम्हाला नक्की हवंय काय?"

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "त्यांच्यात कोणी डावखुरी बाई आहे का, एवढंच बघा."

लाईनमननं पुढे काही विचारलं नाही. त्या आठवड्यात मात्र त्यानं चौदाही फोटोंमागे असं काही लिहिलं, की काका एकेक चित्र चार-चारदा ऐकत बसले. नवव्या चित्रामागे होतं: "बोर्डासमोर पाच बाया. चौघी कॅमेऱ्याकडे बघतात. पाचवी, उंच, चष्मा, डाव्या हातात पेन्सिल, मान वळवून बोर्डाकडे बघते. जणू आत्ता कोणी बोलेल."

काका उठून गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले. पुतणी ऑफिसातून आली तरी तिथेच होते.

लाईनमन मुळातच चिवट. त्यानं संघटनेच्या लोकांना विचारत विचारत पंधरा दिवसांत तिचा ईमेल पत्ता काढला. फोन नंबर का नाही, असं काकांनी विचारलं, तेव्हा तो चाचरला. "साहेब, त्यांना ऐकू येत नाही आता. पार गेलंय."

काकांनी चार ओळींचं पत्र लिहायला तीन दिवस लावले. उत्तर त्याच संध्याकाळी आलं. प्रोग्रामनं ते त्याच्या सपाट, पुरुषी आवाजात वाचून दाखवलं. बातम्याही तो तशाच वाचत असे.

"दक्षिण, तुम्हीच का ते, 'हं' म्हणण्याआधी श्वास घेणारे? माझा नवरा पाच वर्षांपूर्वी वारला, त्याच्या आधी वर्षभर माझे कान गेले. मी मजेत आहे, वाचते, बागेत काम करते. तुमचा आवाज अजून डोक्यात आहे. पण तो खरा तुमचा, की इतक्या वर्षांत मीच बनवलेला, ते तपासायला आता मार्ग नाही. त्या सकाळी मी तुम्हाला प्रश्न विचारला होता. तुम्ही फार घाईनं उत्तर दिलंत."

काकांनी ते पत्र किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. वेग कमी करून ऐकलं, एकेक शब्द सुटा करून ऐकलं. शब्द तिचे होते, यात शंका नव्हती. पण त्यातून ती येत नव्हती.

शेवटी त्यांनी धीर करून लिहिलं: "तुम्हाला ऐकू येत नसलं तरी बोलता तर येतं. फोन करा. मी पलीकडे नुसता ऐकत बसेन."

यावर आठवडा गेला. मग पत्र आलं.

"नाही हो. स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला की तो कुठे जातो ते कळत नाही. सून म्हणते मी ओरडते, नातू म्हणतो शब्द घसरतात. तुमच्याकडे माझा जो आवाज आहे तो चांगला आहे. तोच राहू दे. पत्रं मात्र लिहा, रोज लिहा, सकाळी सातला मी कॉम्प्युटरपाशी असते."

काकांनी हट्ट धरला नाही. आपला जन्म कानांवर गेला, तिला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं.

आता ती दोघं रोज लिहितात. पुतणीला सगळं कळलंय. एका रविवारी तिनं आणखी आवाज उतरवून घेतले, चार बायकांचे, एक अगदी मुलायम. "काका, पत्र तरी बाईच्या आवाजात ऐका."

काकांनी चारही आवाज लावून पाहिले. प्रत्येकीला तिच्या पत्राची पहिली ओळ वाचायला लावली. मुलायम आवाज लागला तेव्हा त्यांनी एकदम बटण दाबून तो बंद केला.

"का? चांगला आहे की!" पुतणी म्हणाली.

"चांगला आहे म्हणूनच," काका म्हणाले. "चार दिवस ऐकला, तर तिचा म्हणून हाच लक्षात राहील."

त्यांनी पुन्हा तो जुना, सपाट पुरुषी आवाज लावला आणि त्या दिवशीचं पत्र पहिल्यापासून ऐकायला घेतलं. तिच्या खिडकीतल्या झाडाला यंदा मोहोर उशिरा आला होता.